शाईच्या टाकीचा प्रिंटर : स्वस्त कोणाला?

एके काळी घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत. स्टेन्सिल कापायचे, ते रोलरवर सुरकुती न पडू देता बसवायचे, हँडल फिरवायचे आणि शेवटी काळे झालेले हात घासत बसायचे. आज तेच काम टेबलावरचा लहानसा प्रिंटर करतो. गेल्या काही वर्षांत शाळा, शिकवणी वर्ग आणि शिक्षकांची घरे या ठिकाणी जे प्रिंटर आले, त्यांत बाजूला शाईच्या पारदर्शक टाक्या असणाऱ्या प्रिंटरांचे प्रमाण मोठे आहे. बाटलीतून शाई ओतायची आणि छापत राहायचे. दुकानदार सांगतो, “सर, पानाला दहा पैसे!”

हे विधान खरे आहे का? अंशतः खरे आहे. ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे तपासण्यासारखे आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान धरलेले असते. त्यातच खडू, दुरुस्ती, वीजबिल आणि स्वच्छता भागवायची. अशा शाळेने बारा-तेरा हजारांचा प्रिंटर घेणे म्हणजे वर्षाच्या पैशांतील निम्मा वाटा एका यंत्राला देणे होय. म्हणून जाहिरातीतील आकड्यापेक्षा आपला स्वतःचा आकडा आपल्याला माहीत असायला हवा.

टाकी आली कोठून?

इंकजेट प्रिंटर घराघरांत आले ते कार्ट्रिजसह. त्यामागील व्यापारी सूत्र सोपे होते : यंत्र स्वस्त विकायचे आणि नफा शाईवर मिळवायचा. छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम काही मिलिलीटर असे. शंभर-दोनशे पाने झाली की नवे कार्ट्रिज. अनेक कार्ट्रिजांवर शाई फेकणारा सिलिकॉनचा भागही बसवलेला असतो. शाई संपली की तो चांगला भागही कचऱ्यात जातो.

याला लोकांनी आपापल्या परीने उत्तर शोधले. कोणी सिरिंजने कार्ट्रिजमध्ये शाई भरू लागले, तर कोणी प्रिंटरच्या बाजूला बाटल्या चिकटवून बारीक नळ्यांनी शाई आत नेली. इंडोनेशियात अशा फेरफार केलेल्या प्रिंटरांचा मोठा बाजारच उभा राहिला. तेव्हा एप्सन कंपनीने २०१० साली तेथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर विक्रीस आणला. पुढे ब्रदर, कॅनन आणि एचपी यांनीही तसे प्रिंटर काढले. म्हणजे या यंत्राची मूळ कल्पना ग्राहकांच्या खटपटीतून आली आणि नंतर ती कारखान्यात गेली.

या बदलाचे श्रेय द्यायलाच हवे. यंत्राची किंमत आता यंत्रावरच लिहिलेली असते. ती शाईच्या आडून वसूल केली जात नाही. टाकी पारदर्शक असल्याने शाई किती उरली हे डोळ्यांना दिसते. प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक कचराही कमी होतो. आपल्या देशातील ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे, हे लक्षात घेतले की या मुद्द्याचे महत्त्व कळते.

तीन पिकोलीटरचा थेंब

गुण-दोष समजण्यासाठी यंत्राच्या आत थोडे डोकावू या. इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक छिद्रांच्या रांगा असतात. छिद्रातून थेंब बाहेर फेकण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली उष्णतेची. छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत इतका तापतो की त्याला लागून असलेल्या शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा पुढची शाई बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न सिरिंजच्या सुईला लागले, सुईतून शाई उडाली, आणि तेथे ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. एचपी कंपनीचे संशोधकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेवर काम करू लागले.

दुसरी पद्धत दाबविद्युत स्फटिकांची. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युत विभव निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. याच्या उलट, अशा पदार्थाला विद्युत विभव दिले की त्याचा आकार किंचित बदलतो. छिद्रामागच्या कप्प्याची भिंत अशा पदार्थाने हलवली की शाईचा थेंब बाहेर पडतो. शाई तापवावी लागत नाही. एप्सनचे प्रिंटर या तत्त्वावर चालतात.

एप्सनच्या एल३११० या आपल्याकडे बऱ्याच खपलेल्या मॉडेलचे उदाहरण घेऊ. त्याचा सर्वांत लहान थेंब ३ पिकोलीटरचा असतो. एक पिकोलीटर म्हणजे एका लीटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब गोल मानून विद्यार्थ्यांना त्याचा व्यास काढायला सांगावा. उत्तर सुमारे १८ मायक्रॉन येते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. काळ्या शाईची ६५ मिलिलीटरची बाटली ४,५०० पाने छापते असे कंपनी सांगते. म्हणजे एका पानाला सुमारे ०.०१४ मिलिलीटर शाई लागते. सगळे थेंब सर्वांत लहान मानले, तर एका पानावर जवळजवळ ४८ लाख थेंब पडतात! प्रत्यक्षात थेंब लहान-मोठे असल्याने संख्या कमी भरेल. पण एवढ्या बारीक छिद्रांतून हे काम चालते हे ध्यानात ठेवावे. या प्रिंटरचे बहुतेक गुण आणि दोष त्या छिद्रांपाशीच येऊन थांबतात.

शाई गळत का नाही?

टाकी उघडी, छिद्रे उघडी, मग शाई आपोआप गळून का जात नाही? कार्ट्रिजमध्ये हे काम बहुधा स्पंज करतो. केशाकर्षणाने तो शाई धरून ठेवतो, आणि त्यामुळे थोडी शाई त्यात कायमची अडकूनही राहते. टाकीच्या प्रिंटरांत स्पंज नसतो. बहुतेक रचनांत टाकीतील शाईची पातळी हेडच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवलेली असते. त्यामुळे छिद्रापाशी शाईचा दाब हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो आणि शाई बाहेर येत नाही.

मग तीच शाई उलट टाकीकडे का परतत नाही? पृष्ठताणामुळे. शाईचा पृष्ठताण दर मीटरला ०.०३ न्यूटन आणि छिद्राची त्रिज्या १० मायक्रॉन धरली, तर दोनदा पृष्ठताण भागिले त्रिज्या या सूत्राने ६,००० पास्कल दाब मिळतो. पाण्याचा सुमारे ६० सेंटिमीटर उंच स्तंभ तोलण्याइतका हा दाब आहे. काही सेंटिमीटरचा फरक तो सहज सांभाळतो. बारावीच्या पुस्तकातील पृष्ठताणाच्या प्रकरणाला यापेक्षा घरगुती उदाहरण सापडणे कठीण.

यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. भरलेला प्रिंटर तिरपा करून मोटारसायकलवरून नेला, तर पातळ्यांचे हे गणित बिघडते आणि शाई गळू शकते. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, तर नळीत हवा शिरते आणि ती काढण्यात बरीच शाई वाया जाते. खालच्या खुणेच्या आधीच शाई भरावी, ही सूचना कंपनीने शाई खपवण्यासाठी दिलेली नाही.

खोक्यावरचा आकडा

आता त्या ४,५०० पानांकडे वळू. बाटली ४०० रुपयांची धरली, तर पानाला ९ पैसे पडतात. दुकानदाराचे “दहा पैसे” येथून येतात. पण हा आकडा ठरावीक नमुना-पानांवरून काढलेला असतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने नेमून दिलेली पाने वापरतात. त्यांवर शाई बेताची असते आणि छपाई सलग चालते असे गृहीत असते. आपल्या प्रश्नपत्रिकेत ठळक मथळे, आकृत्या, नकाशे असतात. प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते. आपले पान जास्त शाई घेईल, हे धरून चालावे. शिवाय प्रिंटरबरोबर आलेल्या पहिल्या बाटल्यांतील बरीच शाई नळ्या भरण्यात जाते. त्यामुळे पहिल्या संचातून पाने कमी निघतात, हे कंपन्या बारीक अक्षरांत का होईना, पण सांगतात.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सलग’ हा आहे. घरी आपण सलग छापत नाही. सोमवारी दोन पाने, मग पंधरा दिवस काही नाही, मग एकदम तीस. अधूनमधून होणाऱ्या या वापरात हेड साफ करण्यासाठी किती शाई जाते, ते खोक्यावरील आकड्यात दिसत नाही. माझ्या मते या प्रिंटरांच्या जाहिरातीचा हा मुख्य दोष आहे. छापलेला आकडा खोटा नाही; तो दुसऱ्याच प्रकारच्या ग्राहकाचा आहे.

हिशेब मांडू या

साफसफाईची शाई गृहीत धरून काळ्या पानाचा खर्च आपण २० पैसे धरू. कार्ट्रिजच्या प्रिंटरवर तेच पान ४ रुपयांना पडते असे मानू. टाकीचा प्रिंटर १३,००० रुपयांचा आणि कार्ट्रिजचा ५,००० रुपयांचा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातील भाव घालून गणित पुन्हा करावे. किमतीतला फरक ८,००० रुपये आणि दर पानामागे बचत ३ रुपये ८० पैसे. म्हणजे साधारण २,१०० पानांनंतर टाकी फायद्यात येते.

महिन्याला ६०० पाने छापणाऱ्या शाळेला हा पल्ला साडेतीन महिन्यांत गाठता येईल. महिन्याला २५ पाने छापणाऱ्या घराला सात वर्षे लागतील. आणि त्या घराने नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच रुपयांना एक याप्रमाणे पाने काढली, तर वर्षाचे १,५०० रुपये होतील. १३,००० रुपयांचा प्रिंटर भरून निघायला नऊ वर्षे जातील. इतकी वर्षे तो टिकेल का, हा प्रश्न वेगळाच.

आलेखाच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. क्ष-अक्षावर पाने, य-अक्षावर एकूण खर्च. तीन सरळ रेषा : टाकी, कार्ट्रिज आणि दुकान. रेषा कोठे छेदतात ते मुलांनी शोधावे. आंतरछेद म्हणजे काय आणि चढ म्हणजे काय, हे येथे रुपयांत समजते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट पुढे येते. पाचशे कागदांचे रिम २५० रुपयांना धरले, तर कागद ५० पैशांना पडतो. म्हणजे टाकीच्या प्रिंटरवर शाईपेक्षा कागद महाग झाला! यापुढची बचत कागदात आहे. पण स्वस्त टाकी-प्रिंटरांपैकी अनेकांत दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याची सोय नसते. कागद हाताने उलटावा लागतो. शिवाय शाई स्वस्त झाली की आपला हात सैल सुटतो आणि फळ्यावर भागणारी गोष्टही रंगीत कार्यपत्रिका होऊन बाहेर पडते. यात दोष यंत्राचा नाही, पण बचत मात्र येथेच गळते.

न वापरण्याची किंमत

शाईत बहुतांश पाणी असते. ती छिद्रात लवकर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखे द्रव मिसळतात. तरीही छिद्राच्या तोंडाशी बाष्पीभवन चालूच असते. पाणी गेले की श्यानता वाढते, आणि ती वाढली की थेंब नीट सुटत नाही. पानावर पांढऱ्या रेघा दिसू लागतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवा कोरडी, तापमान चाळीसच्या वर आणि शाळा बंद; हेड चोंदायला यापेक्षा अनुकूल काळ नाही. जूनमध्ये शाळा उघडते आणि प्रिंटर छापत नाही, यात नवल ते काय?

यावर यंत्राकडे एकच उपाय असतो : पंपाने छिद्रांतून शाई ओढून घेणे. ही शाई कोठे जाते? प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत. किती शाई गादीत गेली याचा अंदाज यंत्र मोजत राहते. गणना ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की प्रिंटर थांबतो. शाई बाहेर सांडून विद्युत भागांवर जाऊ नये, हे त्यामागचे कारण योग्यच आहे. पण काही मॉडेलांत ही गादी ग्राहकाला बदलता येत नाही. सेवा केंद्रात जावे लागते. तालुक्याच्या गावी सेवा केंद्र नसेल, तर सुस्थितीतील यंत्र केवळ भिजलेल्या गादीपायी कपाटावर जाऊन बसते. अमेरिकेत २०२२ साली नेमक्या याच मुद्द्यावर एप्सनवर टीका झाली होती.

हेडचेही तसेच. एप्सनच्या घरगुती प्रिंटरांत ते यंत्राला कायमचे जोडलेले असते. कॅनन व एचपी यांच्या बऱ्याच टाकी-प्रिंटरांत ग्राहकाला ते बदलता येते. उष्णतेने चालणारे हेड झिजते, म्हणून ते बदलता येण्याजोगे ठेवलेले असते. दाबविद्युत हेड अधिक काळ टिकते, पण कायमचे चोंदले तर दुरुस्ती महाग पडते. दोन्ही बाजू समजून घेऊन निवड करावी.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. ‘पुन्हा भरता येणारा’ असे म्हणून जो प्रिंटर विकतात, त्याची टाकी तेवढी पुन्हा भरता येते. गादी भरली किंवा हेड गेले की बाकीचे यंत्र टाकाऊ ठरण्याचा धोका तसाच राहतो. कार्ट्रिजचा कचरा वाचवून सबंध प्रिंटरचा कचरा करायचा असेल, तर पर्यावरणाच्या नावाने केलेली जाहिरात अपुरी आहे. गादी साध्या पेचकसाने बदलता यावी आणि तिची किंमत खोक्यावर असावी, एवढी मागणी ग्राहकांनी करायला हरकत नाही. काही नव्या मॉडेलांत काढता येणारी पेटी दिलेली आहे. याचा अर्थ तसे करणे शक्य आहे.

दाखला पावसात भिजला तर?

शाई दोन प्रकारची असते. रंजकाची शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. रंग खुलतो, पण पाणी लागले की पसरतो आणि उन्हात फिका होतो. रंगद्रव्याच्या शाईत न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. ते कागदावर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. काही घरगुती टाकी-प्रिंटरांत चारही शाया रंजकाच्या असतात, तर काहींत काळी शाई रंगद्रव्याची असते. कार्यपत्रिकेसाठी हा फरक गौण आहे. पण शाळा सोडल्याचा दाखला जुलैच्या पावसात विद्यार्थ्याच्या खिशातून जाणार असेल, तर तो गौण नाही.

तपासणी सोपी आहे. छापलेल्या ओळीवर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबावे आणि टिपकागदाने टिपावे. अक्षरे पसरली तर शाई रंजकाची. प्रयोगशाळेतल्या गाळणकागदावर त्याच शाईचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवले, तर काळ्या रंगातून वेगवेगळे रंग सुटे होताना मुलांना पाहता येतील.

लेझर बरा की हा?

केवळ काळी छपाई, तीही अधूनमधून, असेल तर साधा लेझर प्रिंटर विचारात घ्यावा. त्याची भुकटी सुकत नाही. दोन महिन्यांनी सुरू केला तरी पहिले पान स्वच्छ येते आणि अक्षर पाण्याने पसरत नाही. पानाचा खर्च मात्र टाकीपेक्षा बराच जास्त. भुकटी कागदावर वितळवून बसवण्यासाठी त्याला उष्णता लागते, म्हणून तो चालू असताना काही शे वॅट वीज घेतो. लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही. एल३११० सारखा टाकी-प्रिंटर छापताना पंधरा वॅटच्या आसपासच वीज घेतो. भारनियमनाच्या गावात हा गुण मोठा आहे.

पण छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड आपल्या जागी परतत नाही. तेथे त्याच्यावर रबराचे झाकण बसते आणि शाई सुकण्यापासून वाचते. म्हणून प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटनानेच बंद करावा, भिंतीवरच्या बटनाने नव्हे. शाळेचा शिपाई सायंकाळी सगळी बटने खटाखट बंद करतो, तेव्हा हेच विसरले जाते.

घेण्यापूर्वी

दुकानात विचारण्याचे प्रश्न चार : शोषक गादी मला बदलता येते का? हेड बदलता येते का, आणि कितीला? काळी शाई रंजकाची की रंगद्रव्याची? जवळचे सेवा केंद्र कोठे? यांची उत्तरे पानाला किती पैसे पडतात यापेक्षा महत्त्वाची आहेत.

घेतल्यावरची कामे दोनच. आठवड्यातून एकदा, सुटीतसुद्धा, पाठकोऱ्या कागदावर चारही रंगांची छिद्र-तपासणी छापावी. सुटीत ही जबाबदारी कोणाची ते आधीच ठरवावे. आणि टाकीवर पेन्सिलीने खूण करून तारीख व प्रिंटरने मोजलेली पाने एका वहीत लिहावीत. वर्षाअखेर आपल्या शाळेचा खरा आकडा हाती येईल, आणि तो मुलांनीच काढलेला असला तर अधिक चांगले.

तर टाकीचा प्रिंटर स्वस्त कोणाला? रोज छापणाऱ्या शाळेला, यात शंका नाही. तिने तो निर्धास्तपणे घ्यावा. शेजारच्या तीन-चार लहान शाळांनी मिळून केंद्रशाळेत एकच ठेवला, तर अधिक उत्तम. महिन्याला वीस-पंचवीस पाने लागणाऱ्या घराला मात्र नाक्यावरचे झेरॉक्सचे दुकानच अजून स्वस्त आहे, आणि तेथील छिद्रे सुकत नाहीत.